आक्षेपार्ह मजकुराची तक्रार कुठे करावी? पाच सेवांचा वापरून पाहण्याजोगा हिशोब

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाला जातीवरून शिवी दिली जाते. गावच्या फेसबुक पेजवर एखाद्या मुलीचा चेहरा भलत्याच फोटोला जोडून टाकला जातो. मंडळाच्या ग्रुपवर रात्री अकराला चिथावणीचं चित्र येऊन पडतं. पाहणाऱ्यांपैकी दहा जण ‘रिपोर्ट’ दाबतात, दोघं ॲडमिनला फोन लावतात, एखादा पोलिसांत जायचं म्हणतो. दोन दिवसांनी ॲपकडून उत्तर येतं की यात आमच्या नियमांचा भंग दिसत नाही, आणि बहुतेकांची तक्रार तिथेच संपते.

खरं तर ती तिथे सुरू व्हायला हवी. भारतात आज यासाठी पाच सेवा हाताशी आहेत: ॲपमधलं रिपोर्टचं बटण, कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, केंद्र सरकारची तक्रार अपील समिती, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आणि खासगी फोटोंसाठी स्टॉपएनसीआयआय. पाचही मोफत आहेत. लोक सर्वांत जास्त वापरतात ते बटण. सर्वांत उपयोगी आहे तो मात्र तक्रार निवारण अधिकाऱ्याकडचा अर्ज, कारण त्याला क्रमांक मिळतो, त्याला मुदत असते आणि त्याच्या निर्णयावर पुढे दाद मागता येते.

पण कुठेही जाण्याआधी पुरावा. इथली चूक नंतर दुरुस्त करता येत नाही.

नेहमी दिसणारा स्क्रीनशॉट म्हणजे फक्त तो एक संदेश, कडा कापलेला, पाठवणाऱ्याचं नाव आपण सेव्ह केलेलं: ‘बंड्या बी विंग’. यातून काहीच सिद्ध होत नाही. संदेशाच्या वरचे आणि खालचे दोन-तीन संदेश दिसले पाहिजेत, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, ग्रुपचं नाव दिसलं पाहिजे. पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याचा पूर्ण नंबर दिसणारा दुसरा स्क्रीनशॉट घ्यावा. त्याहून चांगलं म्हणजे अर्ध्या मिनिटाचं स्क्रीन रेकॉर्डिंग: चॅटची यादी, ग्रुप, तो संदेश, मग पाठवणाऱ्याची माहिती, मध्ये कुठेही न थांबता. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर पोस्टची किंवा कमेंटची स्वतःची लिंक कॉपी करून घ्यावी. प्रोफाइलवरचं नाव पाच मिनिटांत बदलता येतं, म्हणून प्रोफाइलचीही लिंक वेगळी नोंदवावी.

हे फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखे पाठवले की दाबले जाऊन त्यांचा दर्जा जातो आणि फाइलसोबतची माहितीही गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत किंवा मूळ फाइल फोनमध्येच राहू द्यावी. अश्लील फोटो ‘बघा काय टाकलंय’ म्हणून चार जणांना पुढे पाठवणं तर अजिबात नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ असा मजकूर प्रसारित करणाऱ्याला लागतं आणि पहिल्या गुन्ह्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मजकूर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा असेल तर स्क्रीनशॉटही घेऊ नये. तो नुसता जवळ बाळगणंही पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. लिंक, वेळ, खात्याचं नाव लिहून घ्यावं आणि थेट पोर्टल गाठावं.

आता बटणाकडे. व्हॉट्सॲपवर ग्रुप किंवा व्यक्ती रिपोर्ट केली की तिच्याकडून आपल्याला आलेले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात. एरवी संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असल्याने कंपनीला चॅट वाचता येत नाही, म्हणजे तिच्या हाती पडतात ते एवढेच. शिवी सकाळी पडली आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर पन्नास ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ आल्या, तर आपण पाठवलेली तक्रार शुभेच्छांचीच असते! म्हणून ग्रुप रिपोर्ट न करता तो नेमका संदेश दाबून धरावा आणि त्याच्या मेनूतून रिपोर्ट करावा. पाठवणाऱ्याला याची सूचना जात नाही. त्याच खिडकीत ब्लॉक करण्याचा किंवा ग्रुप सोडून चॅट पुसण्याचा पर्याय समोर येतो. घाईत तो निवडला गेला की पुरावा स्वतःच्या हाताने गेला.

त्याआधी चॅट एक्सपोर्ट करून ठेवता येतं. फोटोंशिवाय ४०,००० आणि फोटोंसह १०,००० संदेशांपर्यंत फाइल निघते. एप्रिल २०२५ पासून आलेली ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ त्या ग्रुपला लावलेली असेल तर मात्र एक्सपोर्ट होत नाही. तेव्हा रेकॉर्डिंगवरच भिस्त. आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू असतील तर २४ तास, ७ दिवस की ९० दिवस ते आधी पाहावं. स्टेटस तर २४ तासांतच जातं, आणि जून २०२३ मध्ये कोल्हापुरात वातावरण पेटलं ते स्टेटसवरूनच. ‘उद्या बघू’ म्हणायला तिथे सवड नसते.

ॲडमिनच्या हातातली हत्यारं गेल्या काही वर्षांत बरीच सुधारली आहेत, आणि ती अनेक ॲडमिनना ठाऊकच नाहीत. दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, आणि तो कोणत्या ॲडमिनने काढला हे सगळ्यांना दिसतं. नव्या सदस्याला मंजुरीशिवाय आत न घेण्याची सोय आहे. तणावाच्या दिवशी ‘फक्त ॲडमिन लिहू शकतात’ ही सेटिंग काही तासांसाठी लावता येते. क्रम मात्र पाळावा: आधी स्क्रीनशॉट, मग डिलीट, मग कारण सांगणारी एक ओळ ग्रुपवर, आणि सर्वांत शेवटी सदस्याला काढणं. उलट क्रमाने गेलं तर ज्याच्याविषयी लिहिलं गेलं त्याच्या हाती तक्रारीसाठी काहीच उरत नाही, आणि काढलेला सदस्य ‘मी काय लिहिलं होतं ते दाखवा’ म्हणत बाहेर हिंडतो.

ॲडमिन अनेकदा भीतीपोटी गप्प बसतात. दुसऱ्याच्या संदेशासाठी आपण आत जाऊ, अशी ती भीती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये याचा निकाल दिला आहे: समान हेतू किंवा आधी ठरलेला कट दाखवता आला नाही, तर सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. तरीही वेळेवर डिलीट करणं हे ॲडमिनचं काम आहेच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा दुहेरी बाण असलेला संदेश तर एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. ग्रुपवर दुहेरी बाण आणि सोबत एखाद्या समाजाचं नाव दिसलं, की ॲडमिनने आधी तो संदेश पाहावा, बाकीचं नंतर.

फेसबुकच्या ग्रुपमध्ये ‘ॲडमिनकडे तक्रार’ आणि ‘फेसबुककडे तक्रार’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या ग्रुपचा ॲडमिनच त्या मजकुराच्या बाजूचा आहे तिथे पहिलीचा उपयोग नाही. यूट्यूबवर चॅनेलवाल्याला अडवायच्या शब्दांची यादी देता येते आणि शंकास्पद कमेंट तपासणीसाठी थांबवून ठेवता येतात. ही यादी मराठीत करताना एकेक शब्द किमान तीन रूपांत घालावा लागतो: देवनागरीत, रोमन लिपीत लोक जसा लिहितात तसा (दीर्घ ‘आ’साठी एक किंवा दोन अक्षरं), आणि मध्ये टिंबं किंवा तारे घातलेला. जातींची नावं मात्र थेट अडवू नयेत. तोच शब्द शिवी म्हणून येतो आणि जात प्रमाणपत्राच्या प्रश्नातही येतो, स्वतःच्या समाजाविषयी अभिमानाने लिहिणाऱ्याच्या तोंडीही येतो. असे शब्द तपासणीच्या रांगेत ठेवावेत आणि माणसाने वाचावेत.

बटणाची खरी उणीव इथेच आहे. मराठीतला बराचसा अपमान शिवीच्या शब्दांत नसतोच. ‘पायरी ओळखून राहा’ यात यंत्राला काय सापडणार? पण ज्याचं आडनाव आधी विचारून घेतलं आणि मग हे वाक्य टाकलं, त्याला आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला अर्थ कळतो. ‘बांगड्या भर’ हेही तसंच. बटणाला प्रवर्ग निवडता येतो, संदर्भ सांगता येत नाही. म्हणून बटण दाबावं जरूर, उघड अश्लील चित्र किंवा उघड धमकी असेल तर ते कामही करतं. पण त्याच्या नकाराला शेवटचा शब्द मानू नये.

दुसरी खिडकी, म्हणजे तक्रार निवारण अधिकारी. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे प्रत्येक मध्यस्थ, म्हणजे इतरांचा मजकूर साठवणाऱ्या किंवा पोचवणाऱ्या, कंपनीला असा अधिकारी नेमून त्याचा पत्ता वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये द्यावा लागतो. भारतात ५० लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मोठ्या कंपन्यांचा अधिकारी भारतात राहणारा हवा, प्रत्येक तक्रारीला तिकीट क्रमांक द्यायला हवा आणि दरमहा अहवाल प्रसिद्ध करायला हवा. मूळ नियमात पोचपावतीला २४ तास आणि निकालाला १५ दिवस होते. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने मजकूर काढण्याच्या बहुतेक तक्रारींना ७२ तासांची मुदत आली. नग्न किंवा लैंगिक फोटो, किंवा एखाद्याचं रूप घेऊन बनवलेला मजकूर, यासाठी २०२१ च्या नियमांनी २४ तास ठरवले होते. मुदती कमी करण्याकडेच सरकारचा कल राहिला आहे, त्यामुळे अर्जात तासांचा आकडा घालू नये. ‘नियम ३, उपनियम २ नुसार मुदतीत निर्णय द्यावा’ एवढं लिहिलं की पुरतं.

अर्ज फेटाळले जातात ते ठरावीक कारणांनी. पोस्टऐवजी प्रोफाइलची लिंक दिली जाते. वीस पोस्टची एकच तक्रार होते आणि त्यातल्या एकीवर उत्तर येऊन तिकीट बंद होतं. व्हॉट्सॲपचा नंबर +९१ शिवाय दिला जातो. आणि सर्वांत जास्त वेळा चुकतो तो शब्द म्हणजे ‘बदनामी’. नियमांत काढून टाकण्याजोग्या मजकुराचे प्रकार दिले आहेत: अश्लील, खासगीपणाचा भंग करणारा, लिंगावरून अपमान किंवा छळ करणारा, वंशावरून आक्षेपार्ह, धर्म किंवा जातीवरून वैर वाढवून हिंसेला चिथावणारा, मुलांना अपायकारक, तोतयेगिरीचा. बदनामीचा उल्लेख आधी होता, २०२२ च्या दुरुस्तीत तो वगळला गेला. आपली तक्रार या प्रकारांपैकी कशात बसते ते शोधून तोच शब्द अर्जात वापरावा. निव्वळ बदनामी असेल तर रस्ता कोर्टाचा आहे. कंपनी त्यात निवाडा करत बसणार नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानंतर कायद्यानेही तिच्याकडून तशी अपेक्षा ठेवलेली नाही.

अर्ज इंग्रजीत लिहावा, पण आक्षेपार्ह वाक्य मूळ मराठीत, जसं टाकलं होतं तसंच, चुकीच्या शुद्धलेखनासह. त्याखाली शब्दशः अर्थ, त्याखाली या ठिकाणी होणारा अर्थ, आणि कुणाला उद्देशून ते. वरच्या उदाहरणाचा आराखडा असा होईल:

मूळ वाक्य: तू तुझी पायरी ओळखून राहा.
शब्दशः अर्थ: स्वतःच्या पायरीची, म्हणजे स्थानाची, जाणीव ठेव.
इथला अर्थ: जातीच्या उतरंडीत तू खालचा आहेस, वर येऊ नकोस, असा इशारा. त्याआधी सात मिनिटांपूर्वी याच व्यक्तीने तक्रारदाराचं आडनाव आणि मूळ गाव विचारलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट सोबत.
कुणाला: तक्रारदाराला, १८० सदस्यांच्या ग्रुपमध्ये.
मागणी: हा संदेश काढावा, खात्यावर कारवाई करावी, निर्णय कारणासह लेखी कळवावा.

शेवटची मागणी विसरू नये. ‘आम्ही पाहिलं, धन्यवाद’ अशा ठरीव उत्तराने पुढची वाट अडते, कारण अपील होतं ते अधिकाऱ्याच्या निर्णयावर. असं उत्तर आलं तर त्याच तिकिटावर लिहून स्पष्ट निर्णय मागावा.

तक्रार अपील समिती ही तिसरी सेवा. जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या अधिसूचित झाल्या, १ मार्च २०२३ पासून काम सुरू झालं. प्रत्येकीत एक अध्यक्ष आणि दोन पूर्णवेळ सदस्य. सगळा कारभार ऑनलाइन, दिल्लीला जावं लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं, आणि समितीने ते ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा, असा नियम आहे. अपिलासोबत मूळ तक्रार, तिकीट क्रमांक आणि कंपनीचं उत्तर जोडावं लागतं. नुसतं बटण दाबलेल्या माणसाची गाडी इथेच अडते, त्याच्याकडे जोडायला काहीच नसतं. समितीचा आदेश कंपनीला पाळावा लागतो. आणि तुमचीच पोस्ट चुकून काढली गेली, खातं बंद झालं, तरी हीच समिती. या सेवेची माहिती मराठी माणसापर्यंत फार कमी पोचली आहे, याचं वाईट वाटतं. उणीव वेगाची: व्हायरल झालेल्या मजकुरासाठी महिना म्हणजे फार उशीर.

संमतीशिवाय पसरवल्या जाणाऱ्या खासगी फोटोंसाठी मात्र थांबायचं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली, ब्रिटनमधल्या रिव्हेंज पॉर्न हेल्पलाइनची स्टॉपएनसीआयआय ही सेवा या पाचांत रचनेने सर्वांत विचारी आहे. फोटो किंवा व्हिडिओ तुमच्या फोनमधून बाहेर जातच नाही. फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट अशा सहभागी कंपन्यांना दिला जातो. जुळणारा फोटो तिथे दिसला की अडवला जातो. म्हणजे फोटो पसरण्याआधी, नुसती धमकी आली असतानाच, ही सेवा वापरता येते. अटी दोन: फोटोतली व्यक्ती आपण स्वतः असलो पाहिजे, आणि तो काढला तेव्हा वय १८ किंवा त्याहून जास्त असलं पाहिजे. त्याखालच्या वयासाठी अमेरिकेतली ‘टेक इट डाउन’ ही तशीच सेवा आहे. नोंदणीनंतर मिळणारा केस क्रमांक आणि पिन कागदावर लिहून ठेवावा. मर्यादाही समजून घ्यावी. फोटो कापला किंवा त्यावर काही चिकटवलं तर ठसा जुळेलच असं नाही, म्हणून हाती असलेल्या प्रत्येक आवृत्तीचा वेगळा ठसा द्यावा. सहभागी नसलेल्या ठिकाणी हिचा उपयोग नाही.

राहिलं राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. शिवीगाळीसाठी तो लावण्यात वेळ जातो. महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारी पोर्टलवर नाव न देताही करता येतात, पण नाव दिलं तरच पुढचा मागोवा घेता येतो. बाकीचा मजकूर ‘इतर सायबर गुन्हे’ या भागात. घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं लागतं आणि हॅश, तारा, ॲट अशी चिन्हं त्यात चालत नाहीत, म्हणून टिंब-तारे घातलेली शिवी वर्णनात न घालता स्क्रीनशॉटमध्येच दाखवावी.

पोर्टलची पोचपावती म्हणजे एफआयआर नव्हे. तक्रार संबंधित राज्याच्या पोलिसांकडे जाते आणि तिथून ठाण्याकडे. पोचपावतीची प्रत आणि पुराव्याच्या छापील प्रती घेऊन स्वतः ठाण्यात गेलेलं बरं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची नोंद नाकारता येत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते. कलमं ठरवणं पोलिसांचं काम असलं तरी आपल्याला माहीत असावीत: धर्म-जातीवरून वैर वाढवण्याला भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, स्त्रीच्या विनयाचा अपमान ७९, ऑनलाइन पाठलाग ७८, धमकी ३५१. जातीवरून अपमान असेल आणि पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३. तिथे ‘लोकांच्या नजरेसमोर’ हा मुद्दा कळीचा ठरतो. खासगी चॅट आणि १८० जणांचा ग्रुप यांतला फरक इथे पडतो, म्हणूनच सदस्यसंख्या दिसणारा ग्रुप माहितीचा स्क्रीनशॉट घ्यायचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलम मात्र २०१५ मध्येच रद्द झालं आहे, ते अर्जात लिहू नये.

प्रकरण कोर्टात गेलं तर छापील स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, पहिला पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून निघणारा तिचा ओळख-आकडा, नोंदवावी लागते. मूळ फाइल पुन्हा सेव्ह केली किंवा तिच्यावर लाल गोल काढला तर ती किंमत बदलते. गोल काढायचाच असेल तर प्रतीवर काढावा, आणि ज्या फोनवर तो संदेश आला तो फोन तपास पूर्ण होईपर्यंत विकू नये, फॉरमॅटही करू नये.